अबोल तो, बोलघेवडी ती

‘‘मावशी, 17 शब्द! मोजलेत मी. पाऊण तासात तो माणूस फक्त 17 शब्द बोलला!’’

भाचीचा हा फोन मला अजून आठवतो. म्हटलं, हिला कुणाचे शब्द मोजायची वेळ कधी आली? आमच्या घरात तिला सगळे ‘रेडिओ’ म्हणतात. सकाळी सुरू झाला की रात्री डोळा लागेपर्यंत बंद व्हायचं नाव नाही. तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत ती काउंटरवर बसते. पेन्शन काढायला आलेल्या आजोबांच्या गुडघ्यापासून पिग्मी एजंटच्या लेकीच्या बारावीपर्यंत सगळ्यांची खबरबात तिच्याकडे असते. बोलता बोलता नोटा मोजते आणि एक नोट कधी इकडची तिकडे होत नाही!

(मैत्रिणींनो, त्या दोघांना विचारूनच हे लिहितेय. ‘‘नावं तेवढी छापू नकोस, बाकी काय ते लिही,’’ असं भाची म्हणाली. जावईबापू काहीच म्हणाले नाहीत, पण मान हलवली. त्यांच्या भाषेत तो होकार असतो.)

तर तो दिवस अग्निशमन सेवा सप्ताहातला. दरवर्षी 14 ते 20 एप्रिल हा सप्ताह असतो. नगरपालिकेच्या मैदानावर प्रात्यक्षिक होतं आणि गावातल्या बँका, पतसंस्था, शाळा सगळ्यांना बोलावणं होतं. आधी साहेबांनी माईकवरून सांगितलं, की 14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ नावाच्या बोटीला आग लागली. बोटीत कापसाच्या गाठी होत्या आणि दारूगोळाही होता. आग विझवायला गेलेल्या जवानांच्या डोळ्यांदेखत बोटीचा स्फोट झाला. मुंबई अग्निशमन दलाचे 66 जण त्या दिवशी गेले. ‘‘त्यांच्यासाठी आपण दोन मिनिटं शांत उभं राहू,’’ साहेब म्हणाले आणि सगळं मैदान उभं राहिलं. आमचा रेडिओसुद्धा दोन मिनिटं बंद!

नंतर साहेबांना कुठूनशी वर्दी आली (आगीच्या निरोपाला त्यांच्यात वर्दी म्हणतात) आणि माईक एका तरुण जवानाच्या हातात देऊन ते बंबावर चढले. हा उंचापुरा, सावळा गडी माईककडे असा बघत राहिला, जणू कुणी त्याच्या हातात जिवंत साप दिलाय. साप दिला असता तर बहुधा त्याला सोपं गेलं असतं, कारण साप पकडायलाही यांनाच बोलावतात. त्यानं सिलिंडर पेटवला. ओलं पोतं घेतलं, पुढे धरलं, शांतपणे चालत गेला, सिलिंडरवर टाकलं, खाली हात घालून व्हॉल्व्ह बंद केला. आग गायब! मग माईकवर म्हणाला, ‘‘असं करायचं.’’ झालं भाषण.

भाची उठून उभी. ‘‘अहो, पण का ते सांगा ना! पोतं ओलंच का? हात भाजत नाही का? आणि नुसतं झाकल्यानं आग कशी विझते?’’

सगळं मैदान हसलं. तो मात्र हसला नाही. जरा विचार करून म्हणाला, ‘‘आगीला जळण लागतं, हवा लागते, उष्णता लागते. एक तोडायचं. आग मरते.’’

भाचीच्या मते हेच ते 17 शब्द. मी काही मोजायला गेले नाही. पण माझ्या लक्षात आलं, की पोरगी शब्द नाही, माणूस मोजतेय.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. आठवड्याभरात साहेब पतसंस्थेत खातं उघडायला आले. दुसऱ्या दिवशी फोटो द्यायला, तिसऱ्या दिवशी राहिलेली सही करायला. एवढा काटेकोर माणूस सही कशी विसरतो, हे आमच्या रेडिओला कळायला चौथा दिवस लागला. मग संक्रांतीच्या सुमाराला पतसंस्थेच्या गॅलरीत मांजात अडकलेलं कबूतर. भाचीनं स्वतः 101 नंबर फिरवला. कबूतर सुटलं, ही अडकली!

मी एकदा तिला विचारलंच, ‘‘अगं, तू दिवसभर बोलणारी आणि तो तोंडात मिठाची गुळणी धरून बसणारा. जमायचं कसं?’’ तिचं उत्तर ऐकून मी गप्प झाले. ‘‘मावशी, तो बोलत नाही, पण ऐकतो. मी दोन महिन्यांपूर्वी बोलता बोलता म्हटलं होतं की आजोबांच्या चष्म्याची काडी तुटलीय. मी विसरून गेले. तो दुकानाचा पत्ता घेऊन आला. आपल्या घरात सगळे बोलतात गं, ऐकतं कोण?’’

खरंच आहे की! बोलणारीला बोलणारा भेटला तर दोघांचीही वाक्यं अर्धीच राहतात. आणि त्याला काय मिळालं? तो म्हणे तिला एवढंच म्हणाला, ‘‘तू असलीस की मला काही शोधावं लागत नाही.’’ म्हणजे काय बोलावं ते. त्यांच्या घरी पाच माणसं जेवायला बसली तरी फक्त ताटवाट्यांचा आवाज. वडील तसेच, भाऊ तसाच.

आमच्या ताईचा विरोध होता. तिला त्याचं गप्प असणं खटकत नव्हतं, नोकरी खटकत होती. ‘‘2015 साली काळबादेवीच्या आगीत मुंबईचे चार मोठे अधिकारी गेले. टीव्हीवर त्यांच्या बायकांचे चेहरे मी बघितलेत. माझ्या पोरीला रोज जीव मुठीत धरून दाराकडे बघत बसायला लावू?’’ ताईचं चुकत होतं असं मी आजही म्हणणार नाही. पण पोरीनं ठरवलं होतं. मीही तिच्या बाजूनं उभी राहिले. ‘‘ताई, दोन टोकांचीच गाठ पक्की बसते. ही त्याला बोलतं करेल, तो हिला शांत करेल.’’

मैत्रिणींनो, आज मी कान पकडते. ते माझं वाक्य अर्धं चूक होतं आणि त्याविषयीच आज लिहायचंय.

गप्प नायक आणि चुळबुळी नायिका ही गोष्ट आपल्याला किती आवडते बघा. सिनेमा घ्या, मालिका घ्या, कादंबरी घ्या. तो दुःखी, घुमा, कपाळाला आठी. ती हसरी, वेंधळी, अखंड बडबडणारी. ती त्याच्या आयुष्यात येते आणि त्याला हसवते, की झालं. 2007 साली आलेला ‘जब वी मेट’ आपल्यापैकी कितीजणींनी किती वेळा पाहिला असेल! त्यातली गीत आठवते ना? ट्रेनमध्ये तिच्या तोंडाचा पट्टा सुरू होतो आणि खचलेला आदित्य हळूहळू माणसात येतो. पण त्याच सिनेमाचा दुसरा भाग आठवा. सिमल्याच्या शाळेत शिकवणारी, मान खाली घालून चालणारी, गप्प झालेली गीत. तेव्हा आपल्या पोटात कालवतं. गप्प आदित्यला बघून तेवढं कालवलं नव्हतं. कारण बोलणारी बाई गप्प होते, तेव्हा काहीतरी मोडलेलं असतं, हे आपल्याला आतून माहीत असतं.

सिनेमात ते आपल्याला कळतं. घरात मात्र आपणच तिला गप्प करत असतो.

लग्नानंतर काय झालं सांगते. पहिल्या वर्षभरात पाहुण्यारावळ्यांत जावयाचं कौतुक एकच, ‘‘किती शांत मुलगा! वर तोंड करून बोलत नाही.’’ आणि आमच्या पोरीला? ‘‘छान आहे, पण जरा कमी बोललं तर शोभेल.’’ दोघंही जन्मल्यापासून जशी आहेत तशीच होती. पण त्याचा स्वभाव गुण ठरला आणि तिचा स्वभाव खोड. गप्प पुरुषाला आपण धीरगंभीर म्हणतो, समंजस म्हणतो. गप्प बाईला आखडू. बोलका पुरुष म्हणजे दिलखुलास, बोलकी बाई म्हणजे आगाऊ! हे शब्द आपणच वाटत असतो. हळदीकुंकवाला, बारशाला, लग्नाच्या मांडवात.

कुणी म्हणेल, अहो, पण त्याचं कामच तसं, कठीण काळजाचं. पुरुषांचं काम. तर तेही पूर्ण खरं नाही. 2002 साली नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात हर्षिनी कान्हेकर शिकायला गेल्या. देशातल्या पहिल्या महिला अग्निशामक म्हणून आज त्यांचं नाव घेतात. आता तर मुंबईच्या अग्निशमन दलातही मुली आहेत. समजा, उद्या एखाद्या घरात सून ड्युटीवरून आली आणि सोफ्यावर गप्प बसून राहिली, तर ‘तिला शांत राहू द्या, ती थकलीय,’ असं म्हणून सगळं घर पाय न वाजवता चालेल? की ‘हिला काय झालं तोंड फुगवायला?’ असं विचारेल? मनाशीच उत्तर द्या.

तर लग्नाला वर्ष होत आलं होतं. होळीच्या आधीची गोष्ट. उन्हं तापायला लागली की आमच्याकडे वर्द्यांचा जोर वाढतो. कुठे कडब्याची गंजी पेटते, कुठे तारांच्या ठिणगीनं उसाचा फड. त्याची त्याला सवय. विहिरीत पडलेली गाय काढायची, रस्त्यावर अपघात झालेली गाडी कापायची, हेही काम त्यांचंच. पण त्या रात्रीची वर्दी एका वस्तीवरच्या घराची होती. स्वयंपाकघरात आग. आत एक बाई होती. यानंच तिला बाहेर आणलं. पण ती वाचली नाही.

सकाळी घरी आला. दोनदा अंघोळ केली. जेवला नाही. भाचीनं विचारलं, ‘‘काय झालं?’’ म्हणाला, ‘‘काही नाही.’’ पुढचे आठ दिवस ‘हो’ आणि ‘नाही’ याखेरीज शब्द नाही. तिच्याकडे बघेसुद्धा ना. ती बिचारी आणखी बोलायची, हसवायला बघायची. एक दिवस तो ताटावरून उठून बाहेर गेला. आणि सासूबाई म्हणाल्या, ‘‘अगं, तुझ्या बडबडीनं त्याचं डोकं उठतंय. माणूस कामावरून दमून येतो. जरा गप्प बसायला शिक.’’

सासूबाई वाईट नाहीत बरं. आपल्यासारख्याच आहेत. पोराचं दुखतंय एवढं त्यांना दिसलं आणि समोर जी बोलत होती, तीच कारण वाटली.

ती गप्प बसायला शिकली.

पाडव्याला माझ्याकडे आली होती. मी श्रीखंडाचा चक्का घोटत होते, ती शेजारी बसून वेलदोडे सोलत होती. अर्धा तास गेला. मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. मग लक्षात आलं, मला आमच्या फ्रिजचा आवाज ऐकू येतोय. ही घरात असताना तो मला कधीच ऐकू आला नव्हता.

‘‘मावशी, मी खरंच फार बोलते का गं?’’

26 वर्षांत या मुलीनं असा प्रश्न कधी विचारला नव्हता. माझा हात तसाच राहिला. त्याच क्षणी मला माझं ते वाक्य आठवलं, ‘तो हिला शांत करेल.’ झालं की मनासारखं!

मग तिनं सगळं सांगितलं. आगीचं, आठ दिवसांचं, ताटावरून उठण्याचं. मी सल्ला द्यायला तोंड उघडलं होतं, पण खरं सांगते, मला काही सुचलं नाही. म्हटलं, ‘‘त्यांच्यातल्याच कुणाच्या बायकोला विचार. आपल्याला त्या कामातलं काय कळणार?’’

तिच्या नवऱ्याच्या हाताखाली नव्हे, वर काम करून निवृत्त झालेले एक जण त्याच आळीत राहतात. त्यांच्या पत्नीकडे ती गेली. त्या वहिनींनी सांगितलेलं मी भाचीच्या तोंडून ऐकलं, तसंच लिहिते. ‘‘हे कामावरून आले की मी आधी बूट बघायचे. एरवी बूट दारात तसेच पडलेले असायचे. ज्या दिवशी स्वतः धुऊन उन्हात ठेवले, त्या दिवशी समजायचं, काहीतरी वाईट बघून आलेत. मग मी मुलांना घेऊन शेजारी जायचे. वीस वर्षं मी विचारलं नाही, वीस वर्षं यांनी सांगितलं नाही. लोक म्हणायचे, काय समजूतदार जोडा आहे! आता रिटायर होऊन तीन वर्षं झाली. रात्री झोपेत ओरडतात. आता विचारते तर म्हणतात, कुठून सुरुवात करू? तू आत्ताच विचार, पोरी. आमच्यासारखं साठवू नकोस.’’

मला वाटतं, या गोष्टीतलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच. आपण ज्याला शांत स्वभाव म्हणतो, त्यातला काही भाग खरोखर स्वभाव असतो आणि काही भाग नुसता साठलेला माल असतो. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. स्वभाव बदलायला जाऊ नये. पण साठलेलं मात्र कधीतरी बाहेर काढावंच लागतं. जळतं घर असो नाहीतर माणूस, आत कोंडलेला धूर आधी बाहेर जायला वाट लागते.

एप्रिल आला. पुन्हा तो सप्ताह, तेच मैदान, तीच दोन मिनिटं. भाची पतसंस्थेच्या लोकांबरोबर उभी होती, तो समोर रांगेत गणवेशात. त्या रात्री गच्चीवर ती त्याला म्हणाली, ‘‘मैदानावर दोन मिनिटं गप्प उभं राहायला मला काही जड जात नाही. का माहितेय? साहेब आधी माईकवर सांगतात, कशासाठी गप्प राहायचं ते. तू मला कधी सांगत नाहीस. मग मला वाटतं, माझ्यामुळेच. तू गप्प राहा, पण कशासाठी ते एकदा सांग.’’

तो खूप वेळ काही बोलला नाही. तीही बोलली नाही. आणि मग तो म्हणाला, ‘‘तिच्या हातात तुझ्यासारख्याच हिरव्या बांगड्या होत्या. म्हणून तुझ्याकडे बघवत नव्हतं.’’

मैत्रिणींनो, हे वाचताना तुमचंही काळीज हललं असेल. माझं अजून हलतं. ज्या गप्प बसण्याचा अर्थ सगळ्या घरानं ‘हिची बडबड नको झालीय’ असा लावला, त्याचा खरा अर्थ नेमका उलटा होता. तो तिचा कंटाळा नव्हता, तिच्याविषयीची भीती होती. पण न सांगता कळणार कसं? ‘प्रेमात सांगावं लागत नाही’ असं जे आपण म्हणतो ना, ते साफ खोटं आहे. सांगावं लागतं. थोडं सांगितलं तरी चालतं, पण सांगावं लागतं.

त्यानंतर तो काही बोलघेवडा झाला नाही. तसं लिहिलं तर ती सिनेमाची गोष्ट होईल. आता त्यांचा एक साधा नियम आहे. कामावरून आल्यावर त्याला बोलावंसं वाटत नसेल तर तो तसं तोंडानं म्हणतो, ‘‘आज गप्प.’’ दोनच शब्द! पण त्या दोन शब्दांनी तिला कळतं, की हे आपल्यावर नाही. मग ती खुशाल सासूबाईंशी बोलते, नाहीतर मला फोन लावते. दुसऱ्या दिवशी नाहीतर चार दिवसांनी तो एखादं वाक्य सांगतो. ‘‘लहान मुलगा होता, वाचला.’’ किंवा ‘‘म्हातारीची शेळी गेली, ती रडत होती.’’ ती खोदून खोदून विचारत नाही. हेही तिला शिकावं लागलं बरं का, आणि तिच्यासारखीला ते काही सोपं नव्हतं!

आणि ती? ती परत रेडिओ झालीय. उलट आता तिच्या रेडिओवर एक नवा कार्यक्रम सुरू झालाय. बचत गटाच्या बैठकीत, भिशीत, जिथे चार बायका जमतील तिथे ती त्याच्याकडून ऐकलेलं सांगत सुटते. गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण चालूही करायचं नाही आणि बंदही करायचं नाही, ठिणगी तिथेच पडते. रेग्युलेटर बंद करायचा, दारं-खिडक्या उघडायच्या, बाहेर पडून 1906 वर फोन करायचा. आपला गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साठतो, म्हणून नुसती वरची खिडकी उघडून भागत नाही. कढईतलं तेल पेटलं तर पाणी चुकूनही ओतायचं नाही. जमत असेल तर शेगडी बंद करायची आणि कढईवर झाकण सरकवायचं. भाजलं तर टूथपेस्ट नाही, बर्फ नाही, वीस मिनिटं साध्या वाहत्या पाण्याखाली धरायचं. कपड्यांनी पेट घेतला तर पळायचं नाही, जमिनीवर लोळायचं. तो ज्यासाठी सहा शब्द वापरतो, त्यासाठी ती सहाशे वापरते. पण बायकांच्या लक्षात सहाशेच राहतात!

तरीही एक गोष्ट मला ठासून सांगायचीय. तिचं बोलणं उपयोगी पडतं म्हणून चांगलं, असं कृपा करून म्हणू नका. त्याच्या गप्प बसण्याचा उपयोग काय, असं आपण कधी विचारलं? मग तिच्या बोलण्यानं तरी रोज आपली किंमत का सिद्ध करायची? ती बोलते, कारण ती तशी आहे. तिनं पेरूविषयी बोलावं, पावसाविषयी बोलावं, काउंटरवरच्या आजोबांविषयी बोलावं. तो त्याच आवाजाच्या प्रेमात पडला होता.

आणखी एक. ‘ही त्याला बोलतं करेल’ हे माझं वाक्यही चूकच होतं. बायको म्हणजे औषध नव्हे. नवऱ्याच्या मनावरचं सगळं ओझं उतरवणं हे तिनं लग्नात पदरात घेतलेलं काम नाही. अग्निशमन दलात, पोलिसात, रुग्णवाहिकेवर काम करणारी माणसं जे बघतात, ते ऐकून घ्यायला जाणकार समुपदेशक लागतात, आणि त्यांच्याकडे जाण्यात काडीचाही कमीपणा नाही. झोप उडाली, दचकून जाग यायला लागली, दारू जवळची वाटायला लागली, तर बायकोच्या गप्पांवर भागवू नये. डॉक्टरकडे जावं. पाय मोडला तर आपण घरी बसून प्रेमानं चोळत बसतो का?

ज्या घरांत लेकीचं लग्न ठरतंय आणि मुलगा अबोल आहे, त्यांना माझं सांगणं आहे. घाबरू नका आणि हुरळूनही जाऊ नका. ‘शांत मुलगा आहे’ एवढ्यावर होकार देऊ नका. दोन गोष्टी बघा. तो ऐकतो का? म्हणजे तुमची लेक बोलते तेव्हा त्याचं लक्ष तिच्याकडे असतं की मोबाइलमध्ये? आणि त्याला बोलायचं नसेल तेव्हा ‘आत्ता नको, नंतर’ एवढं तरी तो तोंडानं म्हणू शकतो का? या दोन गोष्टी असतील, तर बाकी 17 शब्दांत संसार होतो. त्या नसतील, तर ते मौन नव्हे, ती भिंत आहे आणि तुमची बोलकी पोर जन्मभर त्या भिंतीशी बोलत बसेल.

आणि लेकीला ‘सासरी जरा कमी बोल’ असं शिकवून पाठवू नका. मीही माझ्या वेळी तेच ऐकून आले होते. असो, माझी गोष्ट पुन्हा कधीतरी.

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी जावईबापूंचा फोन आला. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच! माझ्या छातीत धस्स झालं. ‘‘मावशी, हिचा घसा बसलाय. डॉक्टरांनी तीन दिवस बोलायचं नाही म्हणून सांगितलंय. आज दुसरा दिवस. काढा कसा करायचा ते सांगा.’’ मी सांगितलं. आलं किती, मिरं किती, ज्येष्ठमध कधी टाकायचा. त्यानं सगळं लिहून घेतलं. मग तिचं काय चाललंय, ती पाटीवर काय काय लिहून दाखवते, आईसुद्धा कशी बेचैन झालीय, हे सांगत बसला. फोन ठेवला तेव्हा घड्याळाकडे बघितलं, अकरा मिनिटं झाली होती.

ठेवता ठेवता म्हणाला, ‘‘घर फार शांत झालंय हो, मावशी.’’

आज संध्याकाळी तुमच्या घरातलं बोलकं माणूस बोलायला लागलं, मग ती सून असो, लेक असो नाहीतर जाऊ, तर ‘पुरे झालं’ म्हणायच्या आधी क्षणभर थांबा. आणि गप्प बसलेल्या माणसाला जवळ बसून एवढंच विचारा, ‘‘कशासाठी गप्प आहेस, ते सांगशील?’’ उत्तर लगेच मिळेलच असं नाही. पण विचारलेलं त्याच्या लक्षात राहतं.